चांदीच्या तलवारीचा हिशेब: डी अँड डीची पाचवी आवृत्ती की पाथफाइंडरची दुसरी?

नवी कॅम्पेन, म्हणजे अनेक सत्रे चालणारी गोष्ट, सुरू करताना टेबलाभोवती बसून पात्रे रंगवत खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या खेळाची पाचवी आवृत्ती घ्यावी की त्याच धर्तीच्या पाथफाइंडरची दुसरी, हे ठरवायचे असेल, तर डॅमेज (इजेचा आकडा) आणि इम्युनिटी (इजा न होणे) यांचे नियम आधी वाचावेत, असे मी सुचवीन. बाकीच्या यंत्रणेची सवय होऊन जाते, पण कोणत्या राक्षसाला कशाने इजा होते हा प्रश्न प्रत्येक लढाईत नव्याने समोर येतो.

पाचव्या आवृत्तीचा हिशेब तोंडी होतो. एखाद्या प्रकारच्या घावाला रेझिस्टन्स (प्रतिकार) असेल तर डॅमेज निम्मे, व्हल्नरेबिलिटी (कमजोरी) असेल तर दुप्पट, इम्युनिटी असेल तर शून्य. दोन ठिकाणांहून एकाच प्रकाराचा रेझिस्टन्स मिळाला तरी तो एकदाच धरायचा. गदेच्या फटक्याचे ६ व्हल्नरेबल सांगाड्यावर १२ होतात आणि त्याच्या १३ हिट पॉइंटपैकी (जीव मोजणाऱ्या गुणांपैकी) एकच उरतो, तेव्हा टेबलाभोवती होणारा आनंद मी कमी लेखणार नाही. मात्र दुप्पट हे प्रमाण इतके जबर आहे की फार थोड्या राक्षसांच्या वाट्याला व्हल्नरेबिलिटी आलेली दिसते.

पाथफाइंडरमध्ये वीकनेस (तिथली कमजोरी) आणि रेझिस्टन्स या दोन्हींना ठरलेला आकडा असतो आणि आधी इम्युनिटी, मग वीकनेस, शेवटी रेझिस्टन्स असा क्रम पाळावा लागतो. पात्रे पहिल्या लेव्हलला, म्हणजे सुरुवातीच्या पायरीवर, असताना हे जाचक वाटते. तिथल्या साध्या सांगाड्याला हिट पॉइंट अवघे ४, पण बाण आणि तलवार या दोन्हींविरुद्ध ५ चा रेझिस्टन्स. त्यामुळे ५ किंवा त्याहून कमी डॅमेजचा बाण सरळ वाया जातो. ओळीने तीन बाण असे गेल्यावर नवख्या खेळाडूचे तोंड उतरलेले मी पाहिले आहे.

तरीही माझा कौल फिरला तो वेअरवुल्फमुळे, म्हणजे लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसामुळे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत त्याला साध्या शस्त्रांपासून पूर्ण इम्युनिटी होती; चांदी हवी किंवा जादूचे शस्त्र तरी हवे. आमच्या गटातील एकाने १०० सोन्याची नाणी मोजून तलवारीवर चांदी चढवून घेतली आणि त्यासाठी चिलखताचा बेत पुढे ढकलला. पुढच्याच सत्रात दुसऱ्याला प्लस वन, म्हणजे जादूची, तलवार सापडली, आणि वेअरवुल्फ दोघांच्याही घावांना सारखाच बळी पडला. ‘मग चांदीचा उपयोग काय?’ असे पहिल्याने विचारले, तेव्हा डीएम (खेळ चालवणारा) म्हणून माझ्याकडे उत्तर नव्हते. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकाने साध्या शस्त्रांची ती अटच काढून टाकली. गोंधळ मिटला, पण त्याबरोबर चांदी बाळगण्याचे मुख्य कारणही गेले.

पाथफाइंडरच्या वेअरवुल्फला चांदीचा ५ चा वीकनेस आहे. साधी तलवारही त्याला इजा करते, म्हणून कोणी हात बांधून बसत नाही. पण चांदीचा प्रत्येक घाव ५ जास्त काढतो, आणि जादूच्या तलवारीला चांदी नसेल तर तिला ते ५ मिळत नाहीत. लहान सुऱ्यालाही यामुळे मोल येते.

अग्नीच्या जादूगाराची अडचण मात्र दोन्हीकडे कायम आहे. लाल ड्रॅगनपुढे त्याची आग शून्यच. दोन तासांचे सत्र आणि सगळे नवखे असतील, तर पाचवी आवृत्ती घेण्यात काहीच वावगे नाही. आमच्या गटाने मात्र पाथफाइंडर घेतले, आणि चांदीसाठी नाणी मोजणारा तोच खेळाडू आता एक सुरा चांदीचा आणि एक डीमन या जातीच्या राक्षसांसाठी कोल्ड आयर्नचा (खास लोखंडाचा) बाळगतो आणि कोणता उपसायचा हे विचारून घेतल्याशिवाय पुढे होत नाही.