हाताचा नोजल टेस्टर: विहिरीवरच्या इंजिनासाठी घ्यावा का?

इंजिन मिसिंग मारायला (मध्येच ठोका चुकवायला) लागलं, काळा धूर ओकायला लागलं, की पहिला संशय नोजलवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावर. नवं नोजल आणून बसवतात आणि पुष्कळदा इंजिन पुन्हा तसंच गदगदत राहतं, कारण दोष दुसरीकडेच असतो. हा अंदाजपंचे खर्च थांबवायचा तर नोजल काढून त्याची परीक्षा घ्यायला हवी. त्यासाठी हाताने दाबायचा नोजल टेस्टर हे फार उपयोगी साधन आहे. एकाच इंजिनासाठी घेणं जड जाईल. वस्तीवरच्या चार-पाच जणांनी मिळून घेतला तर मात्र नक्की घ्यावा.

रचना साधी असते: वर छोटी टाकी, खाली प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या), दाबायला लांब दांडा, 0 ते 400 बारचं (बार हे दाबाचं माप) गेज आणि नोजलकडे जाणारा 6 मिमीचा जाड पाइप. घेताना दोन गोष्टी बघाच. पहिली, गेज बंद करायची वेगळी चावी. नोजल फवारताना दाब सारखा चढतो-पडतो. चावी नसेल तर ते सगळे हिसके गेजला बसतात, काटा बिघडतो आणि पुढे त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून चावी नसलेला टेस्टर स्वस्त मिळाला तरी नको. दुसरी, पाइपचे नट. 12 आणि 14 मिमीचे, 1.5 मिमी पिचचे (लगतच्या आट्यांमधल्या अंतराचे) आटे सर्रास लागतात. दोन्ही पाइप सोबत देणारा संच निवडा. गेज नुसतं पीएसआयचं (दाबाचं दुसरं माप) असेल तर 200 बार म्हणजे साधारण 2900 पीएसआय, हे दांड्यावर रंगाने लिहून ठेवा.

नवा टेस्टर आणला की लगेच नोजल जोडू नका. टाकीत रंगाचे पोपडे आणि लोखंडाचा बुरा असू शकतो, आणि नोजलची सुई व बॉडी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनचीच असते. टाकी दोनदा धुवा, बारीक कापडातून गाळलेलं स्वच्छ डिझेल भरा, पाइपमधून भरपूर डिझेल वाहू द्या. मग पाइपच्या टोकाला आंधळं बूच घट्ट लावून दाब 200 बारपर्यंत न्या आणि हात थांबवा. काटा मिनिटभर जवळपास जागेवर राहिला पाहिजे. सरकत खाली आला तर टेस्टरच गळतो आहे. तो परत करा, नाहीतर प्रत्येक चांगलं नोजल तुम्हाला गळकं वाटेल.

नोजल काढण्याआधी फुकटच्या तपासण्या उरकाव्यात. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर इंजिन काही वेळ नीट चालून मग गळाठतं. झाकण सैल केल्यावर सुधारलं तर दोष तिथेच. फिल्टरचा हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू उघडून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल जाऊ द्या, मग डिझेल पंपाकडचा. पुन्हापुन्हा हवा धरत असेल तर पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे जुने तांब्याचे वॉशर आणि चिरलेला रबरी पाइप बघा. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनावर, पुस्तिकेतल्या मापाने तपासा. तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर असेल तर मंद गतीवर एकेका नोजलच्या पाइपचा नट फडकं धरून अर्धा फेरा सैल करा. जो सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता.

आता टेस्टर. नोजल खाली तोंड करून, पारदर्शक बरणीत सोडून जोडा. गेजची चावी बंद ठेवून आठ-दहा झपाट्याचे दाब द्या, म्हणजे हवा निघून जाईल. मग चावी उघडा आणि दांडा अगदी सावकाश दाबा. काटा चढत जाऊन ज्या आकड्यावर झटक्याने पडतो, तो उघडण्याचा दाब. किर्लोस्करच्या एव्ही-1 सारख्या इंजिनाला तो 200 बारच्या आसपास लागतो. आकडा कमी आला तर बहुधा सुई दाबून धरणारी स्प्रिंग बसलेली (दबून ढिली झालेली) असते. नोजल धरणाऱ्या होल्डरमध्ये शिम (पातळ चकती) असेल तर 0.1 मिमी जाडी वाढवल्यावर दाब सुमारे 10 बार चढतो. काही होल्डरला शिमऐवजी स्क्रू असतो. स्प्रिंग नवी घातली तर 10 बार जास्तच ठेवा, थोडी चालल्यावर ती बसते.

दुसरी परीक्षा गळतीची, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची. उघडण्याच्या दाबापेक्षा 20 बार खाली दाब धरून 10 सेकंद थांबा. टोकाला ओल आली तरी चालेल, थेंब लोंबता कामा नये. 1500 आरपीएमला हे नोजल मिनिटाला 750 वेळा उघडतं. दर वेळी थोडं डिझेल ठिबकलं तर ते नीट जळत नाही, टोकावर काजळी धरते, भोकं बुजतात आणि फवारा आणखी बिघडतो.

फवारा बघताना गेजची चावी पुन्हा बंद. प्रत्येक भोकातून सारख्या लांबीचं धुकं निघावं आणि सोबत करकर आवाज यावा. आवाज नाही आणि पिचकारीसारखी धार लागते, तर सुई जड चालते आहे किंवा सीट (सुई टेकते ती जागा) खराब आहे. नोजल खोलून पितळी ब्रशने साफ करा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. डिझेलमध्ये बुडवलेली सुई एक तृतीयांश वर ओढून बॉडी तिरकी धरा, ती आपल्याच वजनाने खाली सरकली पाहिजे. एका नोजलची सुई दुसऱ्याच्या बॉडीत कधीही घालू नका, ती जोडी एकत्र घासून बनवलेली असते.

फवाऱ्यासमोर बोट कधीही नेऊ नका. या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. वरून टाचणीएवढी खूण दिसते, पण आतलं मांस सडू शकतं. असं झालं तर दुखण्याची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय असं सांगा. चष्मा लावा, जवळ विडी-काडी नको. हे धुकं पेटतं.

टेस्टरची मर्यादाही ध्यानात घ्या. तो फक्त नोजलबद्दल बोलतो. तिन्ही परीक्षांत नोजल पास झालं आणि इंजिन तरीही मिसिंग मारतंय, तर डिझेल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (नोजलकडे डिझेल सोडणारी झडप), टायमिंग (फवाऱ्याची वेळ) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) यांच्याकडे वळा. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाड्यांसाठी हा साधा टेस्टर नाही. त्यांचे इंजेक्टर विजेवर उघडतात आणि दाबही कितीतरी जास्त असतो.

नोजल परत बसवताना जुना तांब्याचा वॉशर हेडच्या खोबणीत चिकटून राहिलाय का, ते बॅटरी मारून बघा. त्यावर नवा वॉशर बसला की नोजल उंच राहतं, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि चांगल्या नोजलवरही धूर येतो. क्लॅम्पचे दोन्ही नट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी ताणली तर नोजल तिरकं बसून सुई अडकते.