पावसात चालणारी खिशातली वही: एका पेटीवालीचा अभिप्राय

हातभर लांबही नसलेल्या वहीला १८० रुपये म्हणजे जास्तच. तेवढ्यात मुलांच्या शाळेच्या तीन-चार वह्या येतात. तरी मी ही वही घेतली, ती संपल्यावर दुसरी घेतली, आणि आमच्या महिला भजनी मंडळात ज्या ज्या बायका चाली लावतात त्या सगळ्यांना ती घ्यायला सांगते आहे.

मी गोव्यात दिवाडी बेटावर राहते. पेटी शिकवते आणि मंडळाच्या अभंगांना, गौळणींना चाली लावते. पेटीपुढे बसून घासल्याशिवाय चाल होत नाही, हे अगदी खरं. पण अडलेली जागा सुटते ती भलत्याच वेळी. माझी बहुतेक वेळा जुन्या गोव्याच्या फेरीबोटीत सुटते. काही मिनिटं हाताला काम नसतं, इंजिनाचा एकच ठेका चालू असतो, आणि आठवडाभर हट्ट करून बसलेली ओळ अचानक सरळ उभी राहते. ती तशी फार वेळ राहत नाही. पलीकडे उतरून कुणी ‘ताई, क्लास आहे ना आज?’ म्हणून विचारलं की गेली.

मोबाइलवर गुणगुणून ठेवता येतं, मी ठेवतेही. पण गोव्याच्या पावसात स्क्रीनवर थेंब पडले की बोट एकीकडे नि फोन दुसरीकडे. ती काच बोटातून होणारा विजेचा सूक्ष्म बदल ओळखते आणि पाण्याचा थेंबही तिला बोटासारखाच वाटतो. शिवाय फेरीत रेकॉर्ड केलेल्या चालीत आधी इंजिन ऐकू येतं, मग मी. साध्या कागदाची वही जूनमध्येच फुगते, शाईचे स्वर एकमेकांत मिसळतात. कोमल स्वराखालची रेघ आणि मंद्र सप्तकाचा टिंब ओघळले तर त्या स्वरलिपीत उरतं काय?

पणजीत १८ जून रस्त्याला लागून असलेल्या गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात ही वही मिळाली. दुकानदारांनी पान उघडून त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, रुमालाने पुसलं आणि म्हणाले, ‘आता लिहा ताई.’ पेन्सिल साध्या कागदावर चालते तशी चालली. याला स्टोन पेपर म्हणतात. यात लाकडाचा लगदा नसतो. चुनखडीची बारीक पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, साधारण ८० टक्के, आणि ती धरून ठेवणारं पॉलिएथिलीन नावाचं प्लॅस्टिक. पाणी शोषणारे तंतूच नाहीत, त्यामुळे पान फुगत नाही, सहजी फाटतही नाही. हाताला गुळगुळीत, किंचित जड लागतं.

लिहायला मऊ, २बी पेन्सिल घ्या. टणक पेन्सिलीने पानावर खळगे पडतात. बॉलपेन चालतं. शाईचं पेन मात्र विसरा. शाई वरच राहते आणि बोटाला लागते. खोडरबरने धूसर डाग पडतो, म्हणून मी खोडत नाही, काट मारते. काट मारलेली ओळही पुढे कधीतरी उपयोगी पडते.

गेल्या पावसातलं सांगते. एक गौळण देस रागात बांधली होती, पण ध्रुवपद समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, आपटत होतं. फेरी नदीच्या मध्यावर असताना लक्षात आलं की उठाव पहिल्या मात्रेवर घ्यायचाच नाही. आठ मात्रांच्या भजनी ठेक्याच्या सातव्या मात्रेवरून उचलला की ‘म प नी सां’ चढत शब्द आपल्या पायांनी समेवर येतो. छत्री काखेत धरून, कठड्याला टेकून मी ते लिहिलं. नुसते स्वर नाही लिहिले. कोणत्या ओळीचं, कितव्या मात्रेवरून, आधी काय खटकत होतं आणि त्यानंतर पखवाजाने काय करायचं, एवढं सगळं. चार ओळी झाल्या. त्या रात्री पेटीवर वाजवून पाहिलं तेव्हा विचार जसाच्या तसा हाती आला.

हे एवढं लिहिण्याचा आग्रह मी क्लासच्या मुलींकडे का धरते, तर ऑटो लोवी या शास्त्रज्ञामुळे. मज्जातंतू हृदयाला रसायनातून निरोप देतात हे कसं सिद्ध करायचं, ते त्यांना झोपेत सुचलं. उठून त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर खरडलं आणि परत झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तीनच्या सुमाराला तोच विचार परत आला, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले आणि बेडकांच्या दोन हृदयांवर प्रयोग करून मोकळे झाले. तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला, १९३६ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे विचार दुसऱ्या रात्री परत येईलच असं कोण सांगणार? म्हणून लिहायचं ते उद्या वाचणाऱ्यासाठी, आणि हात लावायचा तो त्याच दिवशी.

दुसरं उदाहरण तर या वहीसाठीच असावं असं वाटतं. १६ ऑक्टोबर १८४३ ला आयर्लंडचे गणितज्ञ विल्यम हॅमिल्टन पत्नीबरोबर डब्लिनच्या कालव्याकाठी चालले होते. कित्येक वर्षं अडलेलं गणित तिथे सुटलं, आणि त्यातून क्वाटर्नियन, म्हणजे चार भागांच्या नव्या संख्या, जन्माला आल्या. त्यांनी लगेच खिशातली वही काढून नोंद केली, मग न राहवून पुलाच्या दगडावर चाकूने सूत्रही कोरलं. दगडावरचं काही वर्षांत झिजून गेलं. खिशातली वही मात्र राहिली. उतारवयात मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलं आहे.

आता या वहीच्या उणिवा. पानं भिजत नाहीत, पण पुठ्ठा भिजतो. मी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. लोखंडी तारेची गुंडाळी खाऱ्या हवेत गंजली आणि पहिल्या पानांवर तांबडे डाग आले. प्लॅस्टिकच्या गुंडाळीचीही वही येते, तीच मागा. स्कूटरच्या पुढच्या जाळीत उन्हात टाकून ठेवू नका, सततच्या उन्हाने हा कागद ठिसूळ होतो. रद्दीत तर घालूच नका, साध्या कागदाबरोबर त्याचा पुनर्वापर होत नाही. मला हे खटकतं, म्हणून घरी बसून लिहायला मी जुनी साधी वहीच वापरते आणि ही फक्त बाहेरच्यासाठी ठेवते. जे घराबाहेर फारसे पडत नाहीत त्यांनी १८० रुपये घालू नयेत.

ज्यांना बसमध्ये, फेरीत, देवळाच्या पायऱ्यांवर सुचतं त्यांनी मात्र जरूर घ्यावी. रेनकोटच्या खिशात मावते, दोऱ्याने पेन्सिल तिलाच बांधून ठेवा. प्लॅस्टिकच्या गुंडाळीच्या वह्या दुकानात थोड्याच ठेवतात, तेव्हा चवथीच्या भजनांआधी हव्या असतील तर दुकानदारांना आताच सांगून ठेवा.