'एचटी' शिक्क्यावर विसंबून घेतलेलं पाइनवूड

पुस्तकांच्या कपाटासाठी मी पाइनवूडच्या फळ्या घेतल्या. "भट्टीत पक्कं वाळवलेलं आहे, उद्यापासून कामाला घ्या," असं म्हणत विक्रेत्यानं फळीवरचा 'एचटी' शिक्का दाखवला. मी ओलावा किती टक्के आहे ते विचारलं, तरी त्याचं बोट पुन्हा त्या शिक्क्यावरच.

त्या शिक्क्याचा वाळवण्याशी संबंध नाही! पॅकिंगच्या लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटं तापवतात, त्या 'हीट ट्रीटमेंट'ची ती खूण. कीड मरते, पाणी मात्र आत तसंच राहू शकतं.

फळ्या जड होत्या, हाताला गार लागत होत्या. दोन फळ्यांवर निळसर पट्टे होते. "लाकडाची नैसर्गिक नक्षी," असं मला सांगितलं गेलं. ती बुरशी होती. तिनं मजबुती फारशी कमी होत नाही, पण लाकूड बराच काळ ओलं होतं एवढं ती नक्की सांगते. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन महिन्यांत कपाटाची दशा झाली. रुंद फळ्या पन्हाळीसारख्या वळल्या, पाठीची घट्ट ठोकलेली फळी उभी चिरली, गाठींमधून राळ पाझरून पॉलिशवर चिकट ठिपके आले. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरू लागला की लाकूड आकसतं. लांबीत जवळपास नाहीच, सगळं रुंदी-जाडीत. त्यातही वर्षवलयांच्या कडेनं ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट आकसतं, म्हणून फळी वळते. भट्टीत नीट तापवलं असतं तर राळही बरीचशी घट्ट झाली असती.

यात पाइनवूडचा दोष नाही. हलकं, रंध्याला मऊ, स्क्रू सहज घेणारं हे लाकूड घरातल्या कपाटाला उत्तमच, फक्त ओलावा 8 ते 12 टक्के हवा. ओलावा मोजायचा मीटर लावायचा तो फळीच्या मध्यावर, कारण टोकं आधी सुकतात आणि तिथला आकडा फसवा येतो. मीटर नसेल तर मधला तुकडा कापून वजन करा, 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनानं भागून शंभरनं गुणलं की टक्केवारी मिळते.

मी फळ्या परत घेऊन गेलो, तेव्हा विक्रेत्यानं बिल पुढे केलं. त्यावर फक्त 'पाइनवूड' लिहिलं होतं. ओलाव्याचा आकडा बिलावर लिहून घ्या, आणि तो द्यायला कुणी कां-कूं केली तर माल उचलू नका.