‘माझा प्रवास’: दक्षिणेसाठी निघालेले भटजी
विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ लष्कर भागातल्या आमच्या घरी गेल्या आठवड्यात पुन्हा वाचून काढले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळाली तर घरचे कर्ज फिटेल, या आशेने कोकणातल्या वरसईहून निघालेला हा गरीब भिक्षुक १८५७ च्या बंडात सापडतो, झाशीची लूट डोळ्यांनी पाहतो, स्वतःही लुटला जातो आणि तरीही गंगेची कावड खांद्यावर वाहून आणून आईवडिलांना स्नान घालतो. आपली भीती तो मुळीच लपवत नाही, म्हणूनच तो मला फार जवळचा वाटला. १९०७ साली प्रथम छापलेल्या या पुस्तकाची भाषा आरंभी थोडी जड जाते. झाशीचे प्रकरण सुरू झाले की मात्र ते खाली ठेववत नाही.