एकट्यानं शेतात जाणाऱ्या पोरांसाठी घेतलेलं सेफ्टी यंत्र: सात महिन्यांचा अनुभव

केज तालुक्यात सौर कृषी पंप दुरुस्तीचं आमचं छोटं काम आहे. चार पोरं रोज गाडीला हत्यारांची पिशवी अडकवून चार वेगळ्या शिवारांत जातात. तक्रारी घेणं आणि कोणाला कुठं पाठवायचं, हे माझ्याकडं. गेल्या भाद्रपदात त्यातला एक जण पॅनलच्या सांगाड्यावरून घसरला. पाय मोडला, फोन लांब जाऊन पडला. दोन तास तो तुरीत पडून होता. शेळ्या राखणाऱ्या बाईनं त्याचं ओरडणं ऐकलं, म्हणून कळलं. त्या दोन तासांत मी त्याला तीनदा फोन लावला होता आणि उचलत नाही म्हणून चिडले होते. ते अजून मनातून जात नाही.

दिवाळीनंतर चौघांसाठी यंत्रं घेतली. काडेपेटीपेक्षा जरा मोठं, पट्ट्याला अडकवायचं. आत सिमकार्ड, जीपीएस, सायरन, लाल बटण आणि माणूस पडल्याचं ओळखणारा सेन्सर. फोनमध्ये त्याचं ॲप.

पडल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरवर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता आणि त्यानंच सगळ्यात जास्त छळलं. धारूरच्या बाजूच्या रस्त्यांवर गाडी खड्ड्यात आदळली की अलार्म. बांधावरून उडी मारली की अलार्म. तीस सेकंदांत रद्द करता येतो, पण हात ग्रीसनं भरलेले असले की कोण करणार? महिन्याभरात अलार्म वाजला तरी माझं काळीज धडधडायचं थांबलं, आणि धोका तिथंच आहे. संवेदनशीलता कमी करून घेतली, तेव्हा बरं झालं.

सिम घेताना बघून घ्या. आमचं यंत्र टूजीवर चालतं आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळं त्यात जिओ चालत नाही. बालाघाटाच्या डोंगरात काही ठिकाणी कुठलीच रेंज नसते. जीपीएसला जागा कळते, पण ती कळवायला नेटवर्क लागतंच. उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, म्हणून तो विचार सोडला.

खरं काम केलं ते टायमरनं. पोरगा शेतात पोचला की ॲपमध्ये काम सुरू करतो. दर पाऊण तासाला फोन विचारतो, ठीक आहेस का? पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर माझा फोन वाजतो. हे घड्याळ त्याच्या फोनमध्ये नाही, कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. म्हणजे रेंज गेली, बॅटरी संपली, फोन विहिरीत पडला, तरी मला कळतं. बेशुद्ध माणूस बटण दाबू शकत नाही. आमच्या कामात ते कधीही होऊ शकतं. पाच एचपीच्या पंपाचे पॅनल स्विच बंद केल्यावरही ऊन आहे तोवर वीज तयार करतच राहतात, आणि त्या वायरींत काहीशे व्होल्ट डीसी असतो.

एप्रिलमध्ये, दुपारी दीडच्या सुमाराला, असाच माझा फोन वाजला. पोराला फोन लागेना. शेतकऱ्याला लावला, तो पलीकडच्या वस्तीवर होता. नकाशावरची खूण उसात दाखवत होती आणि वीस-पंचवीस पावलं चुकलेली होती. मी इथून सायरन चालू केला, त्या आवाजावर शेतकरी पोचला. ऊन लागून पोरगं उसाच्या कडेला पडलं होतं. उलट्या चालू, बोलणं तुटक. सावलीत नेलं, ओलं फडकं टाकलं, १०८ ला फोन केला. तिथं अक्षांश-रेखांश सांगून उपयोग झाला नाही, कुठल्या फाट्यावरून वळायचं ते विचारलं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दोन दिवस राहून पोरगं घरी आलं. तेव्हापासून प्रत्येक तक्रारीसोबत शिवार, गट नंबर, जवळचा फाटा आणि शेजारच्या शेतकऱ्याचा नंबर मी लिहूनच ठेवते. ॲपमध्ये त्यासाठी रकाना नाही, वहीत लिहिते.

पोरांची नाराजी खरी होती. "वहिनी, आम्ही काय चोऱ्या करायलो का, पाळत ठेवायला?" असं एकानं तोंडावर विचारलं. त्याचं बरोबर होतं. मग ठरवलं: काम संपलं की यंत्र बंद, जागेचा इतिहास आठ दिवसांनी पुसायचा, आणि चहाला कोण किती वेळ बसलं हे त्यावरून कधीही काढायचं नाही. हा शब्द मी पाळला, म्हणून आता ते स्वतःहून चार्जिंगला लावतात. बॅटरी जेमतेम एक दिवस जाते, पट्ट्याची क्लिप तकलादू आहे, दोन तुटल्या.

आभाळातली वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी वेगळं 'दामिनी' ॲप ठेवलंय, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं. आभाळ भरलं की लोखंडी सांगाड्यावर कुणी चढायचं नाही.

आणखी एक गोष्ट राहिली होती. अलार्म एकट्या माझ्याच फोनवर यायचा, आणि मी एकदा लग्नात होते, फोन पर्समध्ये. नशिबानं तो खोटा निघाला. आता दुसरा नंबर दिरांचा आहे. वर्षाचं रिचार्ज नोव्हेंबरात संपतंय. ते भरणार आहे, पण पडल्याचं ओळखण्याचे जादा पैसे या वेळी देणार नाही.