1917ची गस्त: खासगी मोटरबोट की 110 फुटी सबमरीन चेसर?

पहिल्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने धनिकांच्या मोटरबोटी ‘एसपी’ (गस्ती बोटींचे) क्रमांक देऊन गस्तीला जुंपल्या. मिळायला झटपट, पण सहलीसाठी बांधलेलं डेक तोफेचा दणका सोसत नाही. खालून वासे-टेकू द्यावे लागतात. म्हणून तोफ छोटीच, अनेकदा 37 मिलिमीटरची. त्याहून वाईट पेट्रोल: वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी साठते, मग एक ठिणगी पुरते. ‘चिंगाचगुक’ या अशाच मोटरबोटीची टाकी जुलै 1917मध्ये फुटली, बोट पेटली, खलाशी जखमी झाले.

सबमरीन चेसर, म्हणजे पाणबुड्यांचा पाठलाग करायला बांधलेली नौदलाची बोट, हाही लाकडीच, पेट्रोलवरच (220 अश्वशक्तीची तीन इंजिनं); पण 3 इंची तोफ, डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) आणि पाण्याखालचा आवाज टिपणारी यंत्रं सोबत. बंदराच्या तोंडाशी मोटरबोट चालेल. पाणबुडीच्या मागे मात्र चेसरच हवा.