विचारल्याशिवाय औषध न देणारी डिचोलीची फार्मसी

डिचोलीच्या बाजारातील या फार्मसीतून आम्ही दीड वर्षापासून औषधे घेत आहोत. त्याआधी जिथून घेत होतो, त्या दुकानाने आईच्या गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय दिल्या होत्या. तिच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप आहे आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती रोज अ‍ॅसेनोकुमरॉल घेते, हे त्यांनी विचारले नाही आणि सांगायचे आम्हालाही सुचले नाही. पाचव्या दिवशी तिला डांबरासारखे काळे शौचास झाले आणि इस्पितळात नेऊन रक्त चढवावे लागले.

तेव्हापासून वेदनाशामक गोळ्यांना आम्ही घाबरून असतो, परंतु धोका त्यांच्यापुरताच नाही हे इथल्या फार्मासिस्ट बाईंमुळे कळले. गेल्या पावसाळ्यात आईच्या कमरेला गजकर्ण झाले आणि त्वचेच्या डॉक्टरांनी फ्लुकोनाझोलची 150 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायला लिहून दिली. बाईंनी चिठ्ठी वाचली, कपाटातून गोळी काढली, पण ती हातातच ठेवून आपली लांब वही उघडली. आईच्या नावाच्या पानावर लाल शाईने ‘झडप, रक्त पातळ’ असे लिहिलेले होते. "आजी, रक्त पातळ करायची गोळी चालूच आहे ना? डॉक्टरांना सांगितलं होतं का?" सांगितले नव्हते. बाईंनी गिऱ्हाईक थांबवून तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि गोळीऐवजी लावायचे मलम लिहून घेतले.

नंतर त्यांनी कारण समजावले. अ‍ॅसेनोकुमरॉलचे विघटन यकृतात होते. फ्लुकोनाझोल ते काम मंदावते, त्यामुळे रोजचीच मात्रा घेऊनही औषध शरीरात साचत जाते आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, वर चढतो. आईसारख्या झडपेसाठी तो साधारण 2.5 ते 3.5 च्या दरम्यान ठेवतात. मेट्रोनिडाझोल आणि को-ट्रायमॉक्साझोल ही नेहमीची प्रतिजैविकेही असेच करतात. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांची गोष्ट निराळी आहे: ती जठराचे अस्तर दुखावतात आणि प्लेटलेट या रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या कामात अडथळा आणतात, म्हणून आयएनआरचा अहवाल ठीक असतानाही पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते, आणि दर महिन्याला अहवालातील आकडा पाहून आम्ही किती निर्धास्त राहत होतो, हे आठवले की आजही पोटात गोळा येतो.

बाई उगाच भीती घालत नाहीत, हे मला विशेष वाटते. स्टेंट घातलेल्या आमच्या शेजाऱ्यांना अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी दोन औषधे एकत्र दिलेली आहेत. ती डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली आहेत, स्वतःच्या मनाने बंद करू नका, असे बाईंनी बजावले आणि जठराच्या संरक्षणाची गोळी चिठ्ठीत आहे का एवढेच तपासले. नैराश्यावरील सर्ट्रालिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनाही बाई वेदनाशामक देण्यापूर्वी थांबवतात, कारण त्या गोळ्यांनीही प्लेटलेटचे काम मंदावते.

उणिवाही सांगायला हव्यात. दुकान दुपारी एक ते चार बंद असते, संध्याकाळी खूप वेळ उभे राहावे लागते आणि सवलत मिळत नाही. सगळ्यांत खटकते ते म्हणजे ही सारी विचारपूस भर गिऱ्हाइकांत, मोठ्या आवाजात होते. नैराश्याच्या गोळ्या घेणारा माणूस अशा वेळी खरे सांगेलच असे नाही. बाजूला एक खुर्ची टाकली तरी पुरेल, असे मी बाईंना सुचवले आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णांसह, पिशवीत घालून न्यावीत. वहीत नवे पान उघडायला त्यांना दहा मिनिटे लागतात, तेव्हा सकाळी दहाच्या आत गेलेले बरे.